पाचवं गॅस्केट

प्रिय खटपटे,

सापडलं! अगं, सापडलं! खुशाली मागाहून, आधी हे ऐक. बागवाल्याच्या त्या चारचाकी फटफटीचं, डोंगरावरून फळांचे क्रेट ओढणाऱ्या त्या लाल धुडाचं दुखणं सापडलं. खरं तर दीड महिन्यापूर्वीच सापडलं होतं, पण म्हटलं, गाडी टिकते का बघू, मगच पोरीला लिहू. एकदा घाईने तोंड उघडून मी काय करून ठेवलंय ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

तू बसवलेलं तिसरं हेड गॅस्केट, इंजिनाच्या डोक्याखालचं ते पातळ पॅकिंग, उडालं आणि मी गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांसमोर तुझ्यावर तोंडसुख घेतलं. तू पाना जागेवर ठेवलास, हात पुसलेस आणि दुसऱ्याच दिवशी त्या स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरवर जाऊन बसलीस. आई सांगते, तिथे तू पान्याला हातसुद्धा लावत नाहीस. मग चौथं गॅस्केट मी बसवलं. हेड काचेवर घासून सपाट केलं, बोल्ट क्रमाने, मापात आवळले आणि छाती फुगवून गाडी पाठवली. नवव्या दिवशी बागवाला ती ढकलत घेऊन आला! सायलेन्सरमधून पांढरी वाफ, तेलात पाणी शिरून त्याचा दुधाळ चहा झालेला. आई एवढंच म्हणाली, की आता कुणावर ओरडणार?

पाचव्या वेळी मात्र गंमत झाली. नाल्याचं झाकण बदलायला गवंडी बसला होता, त्या बाजूला उभं राहून काम करायला जागा नव्हती, त्यामुळे गाडी उलटी लावावी लागली. आपल्या गॅरेजची फरशी नाल्याकडे उतरती आणि माझा तीस वर्षांचा कायदा, गाडीचं तोंड नाल्याकडे, म्हणजे सांडलेलं तेल-पाणी सरळ वाहून जातं. त्या दिवशी पहिल्यांदाच तोंड वर. चरफडतच रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, इंजिन चालू केलं, आणि गुडगुड गुडगुड! बुडबुड्यांवर बुडबुडे! पाणी झरझर खाली गेलं, वर आणखी अर्धा लिटर गाडी गटागटा प्यायली. मी असा ओरडलो की आई पिठाच्या हातांनी धावत आली. तिला वाटलं, माझ्या पायावर जॅक पडला.

हवा गं, हवा! तोंड उताराला असलं की रेडिएटर खाली, इंजिनाचं डोकं वर. हवा तिथे दडी मारून बसते, पाणी पोचत नाही, डोकं तापतं, गॅस्केट जळतं. आपल्याकडच्या बाकीच्या फटफट्या वाऱ्यावर थंड होणाऱ्या, त्यांना पाण्याची भानगडच नाही, म्हणून माझा कायदा इतकी वर्षं खपून गेला. खात्रीसाठी गवंड्याला जरा उठवलं, पाणी काढून, गाडी फिरवून परत भरलं. तोंड खाली, एक बुडबुडा नाही. तोंड वर, गुडगुड. तीनदा केलं. गवंडी म्हणाला, मालक, तब्येत बरी आहे ना?

आणि मग मी फरशीवर मटकन बसलो. कारण हे तू म्हणाली होतीस. उतारामुळे तर नसेल ना बाबा, एकदा पुढून उचलून पाणी भरून बघते, असं तू विचारलंस. आणि मी, बागवाल्यासमोर, शेजारच्या टायरवाल्यासमोर खदाखदा हसून काय म्हणालो? नाचता येईना, अंगण वाकडं. अगं, अंगण खरंच वाकडं होतं! दोरी धरून मोजलं, दारापासून नाल्यापर्यंत चांगला हातभर उतार. मी एकटाच हसत सुटलो, आणि हसता हसता डोळे कधी भरले कळलंच नाही.

आज पंचेचाळीस दिवस झाले, गाडी रोज डोंगर चढते, तेल स्वच्छ. हे फोनवर सांगता आलं असतं, पण माफी मागायची वेळ आली की मी काहीतरी विनोद करून निसटतो, तुला माहीत आहे. म्हणून लेखी देतो. चूक माझी होती, तुझ्या हातांची कधीच नव्हती. बागवाला आणि टायरवाला, दोघांनाही बाहेर बाकावर बसवून ठेवलंय. पाकीट बंद करण्याआधी हे सगळं त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. परत ये, असं मी म्हणत नाही, तो हक्क मी गमावला. पण काम सोडू नकोस पोरी. इथे नाही तर नाही, जिथे असशील तिथे कर.

तुझाच,
हट्टी बाप