ओव्याचं प्रभुभोजन

मुलुंड पूर्व,
रविवार, उपासनेहून आल्यावर

आदरणीय दादांस,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे विमलाचा, प्रभूमध्ये सलाम. संगमनेरात ऊन तापायला लागलं असेल. तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला गेला का? तुम्ही मोबाइलला हात लावत नाही म्हणून हे पत्र. पाळकपणातून निवृत्त झाल्यापासून तुम्ही मंडळीच्या भानगडीत पडत नाही हे मला माहीत आहे, पण या वेळी पडा, कारण भानगड माझी आहे. अक्षर बदललेलं बघून दचकू नका. माझं उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे (कसं मोडलं ते पुढे येईलच). मी सांगते आहे आणि एक माणूस लिहून घेतं आहे. कोण ते विचारू नका. अक्षर बरं आहे, एवढाच त्या माणसाचा गुण आज मी मान्य करते.

तुम्हाला ठाऊकच आहे की आमच्या मराठी मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेत वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर माझ्या घरून जाते. आईकडून माझ्याकडे आलेलं काम. गव्हाचं पीठ, खमीर नाही, मीठ नाही, मंद तव्यावर भाजलेली जाड भाकर, आणि मळताना तोंडातून शब्द काढायचा नाही. (आई आयुष्यात तेवढाच वेळ गप्प बसली, असं बाबा म्हणायचे.) माझी भाकर खाऊन इतक्या वर्षांत एक माणूस आजारी पडलेला नाही. उलट धोंडिरामकाका, जे आमच्यात सगळ्यांत वयस्क, ते अजून खणखणीत आहेत, आणि याचं श्रेय डॉक्टर घेतात.

तर नाताळाच्या आधी आमच्याकडे नवे पाळक आले. नाव सुबोध. वय तुमच्या धाकट्या मुलाएवढं. आधी वांद्र्याच्या कुठल्याशा मोठ्या चर्चमध्ये सहायक होते, त्यामुळे आमचं सगळंच त्यांना लहान, जुनं आणि ओशट वाटतं. पहिल्याच पंचांच्या सभेत त्यांनी हायजीन हा शब्द काढला आणि तो अजून आत ठेवलेला नाही. माझी भाकर म्हणे हायजीनमध्ये बसत नाही. दादा, मी हात कोपरापर्यंत धुते! त्यांनी स्वतः कधी स्वयंपाकघर बघितलं असेल तर ते फ्रिजमधलं पाणी घ्यायला. पण मला राग त्यांचा नाही. परक्याचा राग किती करायचा? राग आला तो जयंतीचा. माझी सख्खी धाकटी जाऊ, एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, महिला मंडळाची चिटणीस. तिने माझी बाजू घ्यायची, तर ती मान डोलावत बसली. ती मान जन्मापासून सैलच आहे. (इथे पेन थांबलं. कशाला थांबलं ते मला कळतं. पुढे चालू.) एवढंच नाही, तर पाळकांनी सुचवलेल्या त्या वस्तूची मोबाइलवरून ऑर्डरही तिनेच दिली.

ती वस्तू तुम्ही पाहिली नसेल. बोटाएवढा प्लास्टिकचा पेला. आत जांभळा रस, वर चिकटवलेला पातळ कागद, त्याच्यावर पापडाच्या तुकड्यासारखी एक चकती आणि तिच्यावर आणखी एक कागद. म्हणजे भाकर वरच्या मजल्यावर आणि द्राक्षारस तळमजल्यावर. विमानात लोणचं मिळतं ना, तसं आता प्रभूचं भोजन मिळणार. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी ताटं फिरली. पाळक म्हणाले, आता शांतपणे घ्या. दादा, त्या शांततेत जी कुरकुर सुरू झाली! सगळं चर्च चिवड्याची पुडी फोडल्यासारखं वाजत होतं. म्हाताऱ्यांची नखं पोचेनात. कुणी खालचा कागद आधी ओढला, रस पिऊन मोकळं झालं आणि चकती शोधत बाकाखाली वाकलं. धोंडिरामकाकांनी दातांनी प्रयत्न केला, तर दात पेल्याला चिकटून बाहेर आले. मग ते, ऐकू कमी येत असल्यामुळे आपण हळूच बोलतोय या समजुतीने, मोठ्याने म्हणाले, "अरे, हे उघडायचं कसं रे? कोणाकडे पकड हाय का?" शेवटी पाळकांनी वेदीपाशी स्वतःचा पेला उंच धरून कसा उघडायचा ते दाखवलं. तो उघडला. त्यांच्या पांढऱ्या झग्यावर छातीपासून कमरेपर्यंत उघडला. मी हसले नाही, फक्त रुमाल तोंडाशी धरला.

माझ्यासमोर ताट आलं तेव्हा मात्र मी ते पुढे सरकवलं. तुम्हीच आम्हाला लहानपणी शिकवलंत की मनात कुणाशी वाकडं असेल तर आधी जाऊन मिटवावं, मगच मेजाशी यावं. तोवर ताट पुढे जाऊ द्यावं. माझं वाकडं होतं. मिटवायचं तर चूक करणाऱ्याने यायचं, मी का जायचं? खालच्या मजल्यावरून वर येणं आणि वरून खाली जाणं यात पायऱ्या सारख्याच असतात, पण मान सारखा नसतो.

पेल्यांचा असा बोजवारा उडाल्यावर पंच माझ्या दारात आले. भाकर पुन्हा द्या म्हणाले. मी म्हटलं, मला वेळ नाही. (वेळच वेळ होता. पण त्यांनी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, तर ते चहा पिऊन उठलेच!) आणि त्यांनी सरळ खाली जाऊन जयंतीला सांगितलं. तिनेही हो म्हटलं. फेब्रुवारीत भाकर तिची. चर्चमध्ये शिरले तर नाकाला वास. म्हटलं, हा वास ओळखीचा आहे, पण या जागेत कसा? दादा, तिने भाकरीत ओवा घातला होता. ओवा! म्हाताऱ्या माणसांना पचायला बरा म्हणून. प्रभूच्या शेवटच्या भोजनात आपली बाई पोटफुगीचा विचार करते. वर थोडं मीठ आणि तुपाचा हात. आता मला वाटलं, मंडळी उठेल, निषेध करेल. कुठलं काय! लोकांनी डोळे मिटून, अगदी भक्तीने चावलं. पोरं उरलेल्या तुकड्यांसाठी वेदीमागे रांग लावून उभी. आणि ते हायजीनवाले सुबोधपाळक बाहेर पडताना जयंतीला म्हणाले, "काकी, झकास!" प्रभुभोजनाला झकास म्हणणारा पाळक मी प्रथमच पाहिला.

मी अर्थातच ताट पुढे सरकवलं होतं. उपासना संपताच कुणाकडे न बघता ताठ मानेने निघाले. मान ताठ ठेवली की पायऱ्या दिसत नाहीत. शेवटच्या दोन पायऱ्या मी एकदमच उतरले आणि मनगटावर बसले. त्यानंतर मला रिक्षात कुणी घातलं, इस्पितळात माझी चप्पल हातात घेऊन कोण उभं राहिलं, तेव्हापासून डबा कोण आणतं आणि माझी वेणी कोण घालतं, हे विषय या पत्रात घ्यायचं कारण नाही. वेणी फार घट्ट घातली जाते, एवढं लिहून ठेवा.

मार्चचा रविवारही तसाच गेला. आता गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारची, प्रभूच्या शेवटच्या भोजनाची संध्याकाळ येते आहे. आईने ती संध्याकाळ कधी चुकवली नाही, ताप असतानाही नाही, आणि मीही नाही. त्या संध्याकाळी सगळी मंडळी भाकर घेणार आणि मी पहिल्या बाकावर हात मांडीत घेऊन बसणार, या विचाराने मला झोप लागत नाही. इथे मी विनोद करत नाही, दादा. मला फार भूक लागली आहे, आणि ती डब्याने भागत नाही. बाकी सर्व क्षेम. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
विमला

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. आजाऱ्याला घरी जाऊन प्रभुभोजन देता येतं. प्लास्टर हा आजारच आहे. तर तुम्ही गुरुवारी इकडे या आणि दार लावून मला एकटीला भाकर द्या. म्हणजे कुणाची माफी मागायला नको, कुणी मागायची वाट बघायला नको. येताना तांब्याभर घरचं तूप आणा.

ता. क. दुसरा. दादांना जयंतीचा सलाम. अक्षर माझंच. ताई माझ्याशी बोलत नाहीत, खिडकीशी बोलतात. खिडकीला लिहिता येत नाही म्हणून मी पलंगाच्या या बाजूला बसून लिहिते. सगळं सांगितलं तसंच लिहिलंय, फक्त माझ्या मानेबद्दल त्या याहून वाईट बोलल्या होत्या. त्यांना खिडकीकडून एक गोष्ट समजलेली नाही, कारण त्या पुढच्या बाकावर बसतात आणि मागे माझ्याकडे वळून बघत नाहीत. जानेवारीपासून मीही ताट पुढेच सरकवतेय. स्वतःच्या हाताने केलेली ती ओव्याची भाकरसुद्धा मी चाखलेली नाही. आमचं वाकडं असताना माझ्या घशाखाली कशी उतरणार? आता हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. पुढचं काय ते त्या सांगतील.

ता. क. तिसरा. दादा, येऊ नका. ही बावळट बाई तीन महिने उपाशी राहिली आणि मला बोलली नाही. आता समोर बसून रडते आहे आणि कागद ओला करते आहे. (मी रडत नाही, ताई रडतायत. जयंती.) गुरुवारी सकाळी कणीक ती मळेल, मी शेजारी बसेन, आणि दोघींपैकी कुणी बोलणार नाही. सवय आहेच. ओवा अजिबात नाही. मी म्हटलं, हे पत्र फाड, दुसरं लिहू. तर म्हणते, एवढी बोटं दुखवून लिहिलंय, हेच जाणार. जाऊ दे. तूप मात्र पाठवा. ती वेणी घालताना तेल फार हात राखून लावते, भाकरीला तरी तिला तुपाची कंजुषी करता येऊ नये.