पाहुण्यांच्या बाथरूममधली दांडी

मंगळवार, संध्याकाळ

मी हे तुळसाआजीसाठी केलं, की मॅनेजर सरांचा उतरलेला चेहरा पाहायचा आहे म्हणून? खरंच सांगता येत नाही.

वृद्धाश्रमात नोकरीला लागल्यापासून आज्यांच्या बाथरूममध्ये धरायला दांडी मागत होते. तीनदा लेखी दिलं. शेवटी दांडी आली, तर सरांनी ती ऑफिसशेजारच्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये बसवली. का, तर तपासणीचे साहेब तिथेच जातात! रविवारी तुळसाआजी आंघोळीला गेली आणि घसरली. हात मोडला.

आज सर म्हणाले, "रजिस्टरमध्ये लिहा, सोताच्या चुकीनं पडली. अन् उद्या तपासणी हाये, बुढीले लेकीकडे कोंढ्याले पाठवून द्या. बी.ए. झाल्या म्हणून जास्त डोकं नका चालवू, म्याडम."

घरातली पहिली पदवी माझी. ती काय खोटं लिहायला घेतली?

आजीला विचारलं, तर प्लास्टरकडे पाहत म्हणाली, "भिंतीले धराले गेली व बाई. भिंत का हातात येते?"

ती चकचकीत दांडी डोळ्यांपुढून जात नाही. अजून कोणाचा हात लागलेला नाही तिला. उद्या सरांनीच धरावी, पाय लटपटले की.

रजिस्टरमध्ये खरं ते लिहून खाली सही केली आहे. आणि कोंढ्याला, आजीच्या लेकीला फोनही करून झाला: उद्या अकरा वाजता तपासणीचे साहेब येतील, तेव्हा तू इथे आईच्या खाटेजवळ बसलेली पाहिजेस.