डार्लीन प्रुइटला आवर घालण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
बाल-प्रवासी सुरक्षा शाखा,
राज्य शासन, कोलंबस, ओहायो.

अर्जदार: श्रीमती ओपल स्टाउफर, राहणार मिलर्स फोर्क, दगडी पुलापलीकडचं हिरवं पत्र्याचं घर.

विषय: मुलांच्या गाडीतील बैठकीच्या कायद्यातून माझ्या ट्रकला सूट मिळण्याबाबत, तसेच सौ. डार्लीन प्रुइट यांना आवर घालण्याबाबत.

संदर्भ: १) आठ वर्षांच्या आतील आणि चार फूट नऊ इंचांहून कमी उंचीच्या मुलांना बूस्टर खुर्चीतच (म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून सीटवर ठेवायच्या उंच खुर्चीत) बसवावे, असा राज्याचा कायदा.
२) एप्रिल महिन्यात मला भररस्त्यात मिळालेली ताकीद.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, मी आपल्या राज्यात जन्मले, इथेच वाढले आणि आजवर शासनाला एका ओळीचाही त्रास दिलेला नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, अर्ध्या गावाला जेवू घातलं. मुलांना इजा होऊ नये म्हणून आपण जे कायदे केलेत त्यांना माझा विरोध नाही. सायकलवर हेल्मेट घाला म्हणालात, ठीक. पोहण्याच्या तलावाला कुंपण घाला म्हणालात, तेही ठीक. औषधाच्या बाटलीला पोरांना उघडता येणार नाही असं झाकण लावलंत. ते मलाही उघडत नाही, पण मी तक्रार केली का? नाही केली. माझी तक्रार एकाच कलमाबद्दल आहे आणि एकाच बाईबद्दल आहे.

१. माझा मुलगा कर्टिस याची मुलगी हॅडली, वय साडेसहा, ही माझी एकुलती एक नात. दर शुक्रवारी शाळा सुटली की मी तिला माझ्या कैलासवासी नवऱ्याच्या, म्हणजे वेंडेलच्या, ट्रकमधून घरी आणत असे. ट्रक एकाहत्तर सालचा आहे. त्याला मागची सीट नाही, पुढे एकच लांब बाक आहे आणि पोटावरून जाणारा पट्टा आहे. हॅडली मला ‘ट्रकवाली आजी’ म्हणते. महोदय, हे नाव तिने स्वतः ठेवलेलं आहे, मी शिकवलेलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

२. हॅडलीच्या आईची आई म्हणजे सदर डार्लीन प्रुइट. हिला आजी म्हटलेलं चालत नाही. आजी म्हटलं की वय दिसतं म्हणे! म्हणून ती ‘गिगी’. हिच्याकडे चांदीच्या रंगाची नवी मोठी गाडी आहे, मागची सीट दिवाणखान्याएवढी, आणि त्यात जांभळी बूस्टर खुर्ची, दोन्ही बाजूंना पेला ठेवायची सोय असलेली. पोरीला गाडीत दोन-दोन पेले कशाला लागतात, ते मला कुणी समजावून सांगावं.

३. एप्रिलात ब्रेडन नावाच्या शेरीफच्या शिपायाने मला धान्याच्या कोठारापाशी अडवलं. याच ब्रेडनला मी शाळेत मॅश केलेल्या बटाट्यावर चिकन नूडल्सचा दुसरा डाव वाढत होते, रोज, हेडबाईंची नजर चुकवून. तो टोपी काढून म्हणाला, “मिसेस स्टाउफर, मला वाईट वाटतं हो, पण पोरगी अशी नाही नेता येणार. दंड लावत नाही, ताकीद देतो. पुढच्या वेळी मात्र नाइलाज होईल.” मुलगा गुणी आहे, त्याच्यावर कारवाई करू नये. पण रविवारी चर्चमध्ये ही बातमी माझ्याआधी पोहोचली होती, आणि डार्लीन कॉफीच्या टेबलापाशी उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली, “अगं ओपल, तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस? शुक्रवारचं मी बघते ना!” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेव्हापासून शुक्रवार तिचे झाले.

४. मी हातावर हात धरून बसले नाही. मी स्वतः बूस्टर खुर्ची विकत आणली. निळी, पेल्याची सोय नसलेली. अग्निशमन केंद्रात महिन्यातून एकदा मुलांच्या खुर्च्या फुकट तपासून देतात, असं कळलं, म्हणून ट्रक घेऊन तिथे गेले. महोदय, तिथे पिवळं जाकीट घालून, गळ्यात शिट्टी आणि हातात टेप घेऊन कोण उभं असावं? डार्लीन! या बाईने आपल्या शाखेचा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवलं आहे. तिच्या जाकिटावरचा बिल्ला वाचून मला आधी विश्वासच बसला नाही, म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ती माझ्या ट्रकमध्ये, वेंडेलच्या ट्रकमध्ये, डोकं घालून अर्धा तास ओणवी होती. बाक हलवून पाहिला, पट्टा ओढून पाहिला, तळाच्या पत्र्याला बोट लावलं तर गंजाचा पोपडा हातात आला. मग बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, “ओपल, खांद्यावरचा पट्टा नाही, ते एक. पण बाकाचे बोल्टच गंजलेत गं. जोरात ब्रेक दाबलास तर खुर्चीसकट बाक पुढे येईल. यात मी कुठलंच मूल बसवू देणार नाही.”

तिने हे मोठ्याने सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

५. त्याच ठिकाणी भिंतीवर मुलांची उंची मोजायला जिराफ रंगवलेला आहे. डार्लीनबरोबर आलेली हॅडली त्याला पाठ लावून उभी राहिली, चार फूट एक इंच भरली. मग तिने हट्ट धरला की आजीचीही उंची मोजायची. मी उभी राहिले. तरुणपणी मी पाच फूट एक इंच होते, याला माझ्या लग्नातले फोटो साक्षी आहेत. डार्लीनने टेप लावला आणि हसत सुटली, “चार फूट साडेआठ! अगं बाई, बूस्टरमध्ये तर तूच बसायला हवीस!” आगीच्या बंबावरची पोरं खिदळली, हॅडली टाळ्या पिटत नाचली. मी नाक मुठीत धरून घरी आले आणि निळी खुर्ची कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवली. सध्या तीत एक कोंबडी अंडी घालते.

६. आता मुख्य मुद्दा. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी जिल्ह्याची जत्रा आहे. त्यात लहान मुलांच्या गटात हॅडली पहिल्यांदाच स्वतःची कोंबडी घेऊन पंचांपुढे उभी राहणार आहे. कोंबडीचं नाव बटरनट. ही बटरनट माझ्या खुराड्यात, माझ्या हातावर वाढलेली आहे. तिला धरायचं कसं, तिचे पंख पसरून दाखवायचे कसे, हे हॅडलीला मी शिकवलं. म्हणजे कोंबडी माझी, पोरगी माझ्या मुलाची, शिकवणी माझी, आणि जत्रेच्या दारातून दोघींना घेऊन मिरवत आत जाणार कोण, तर डार्लीन प्रुइट! जिला कोंबडीला हात लावायच्या आधी हातमोजे लागतात!

सबब माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे:

अ) जत्रेच्या दिवसापुरती माझ्या ट्रकला कायद्यातून सूट द्यावी. मी सावकाश चालवीन.
आ) डार्लीन प्रुइट हिचं प्रमाणपत्र रद्द करावं. आजी लोकांना असली प्रमाणपत्रं देऊ नयेत, त्याने घराघरांत कलागती लागतात.
इ) तिच्या गाडीतल्या दोन पेल्यांची चौकशी व्हावी.

७. इथवर लिहून मी अर्ज पाकिटात घातला होता. पण मागच्या मंगळवारी जे झालं ते लपवलं तर अर्ज खोटा ठरेल, म्हणून पाकीट फोडून पुढचं लिहीत आहे.

त्या मंगळवारी जत्रेच्या मैदानावर कोंबड्यांची तपासणी होती. मी आपला कायदा पुन्हा वाचला. त्यात मोटारी आहेत, ट्रक आहेत, पण घोडागाडीबद्दल अवाक्षर नाही. आमचे शेजारी लेव्ही गिंगरिच हे आमिश पंथाचे आहेत, त्यांच्या घरात मोटार चालत नाही, सगळं कुटुंब घोडागाडीतून फिरतं. मी त्यांना विचारलं. ते दाढी खाजवत म्हणाले, “न्यायला हरकत नाही. पण आमची पोरं जन्मापासून बसतात, तशी ही बसेल का शांत?” मी म्हटलं, तुम्ही गाडी काढा. कर्टिस कुरकुरला, पण मी रडले. खरंच रडले, ढोंग नव्हतं. मग तो ‘हो’ म्हणाला.

महोदय, ती सकाळ मी विसरणार नाही. लेव्ही पुढे, मागच्या बाकावर मी, माझ्या शेजारी हॅडली आणि तिच्या मांडीवर बटरनट टोपलीत. शुक्रवार परत मिळाल्यासारखं वाटत होतं. पुलापर्यंत जातोय न जातोय तोच हॅडली ओरडली, “आजी, बघ ना! मागून गिगी येतेय, दिवे लावून!” वळून पाहते तर ती चांदीची गाडी, धोक्याचे पिवळे दिवे उघडझाप करत, घोड्याच्या चालीने आमच्यामागे. पुढेही जाईना, घरीही जाईना. माझ्या मनात आलं, बाईला एवढंही बघवेना? अर्ध्या दिवसाचं सुखसुद्धा डोळ्यांत खुपावं? त्यातून हॅडली टोपली माझ्या मांडीवर सरकवून बाकावर गुडघे टेकून उलटी बसली आणि वाटभर मागे बघून हात हलवत राहिली. गाडी मी मिळवली, परवानगी मी मिळवली आणि मला दिसत होती ती फक्त पोरीची वेणी. मी जळून खाक झाले. हे सरकारी कागदावर लिहायला मला लाज वाटत नाही.

मग टेकडीची चढण लागली. माथ्यावरच्या वळणापलीकडचं काही दिसत नाही आणि घोडागाड्यांना मागून धक्के बसतात ते तिथेच. आम्ही वळण घेतलं, आमच्यामागून डार्लीनने घेतलं, आणि तिच्यामागून खडी भरलेला मोठा ट्रक सुसाट आला. त्याला आमची काळी घोडागाडी दिसायचं कारणच नव्हतं. त्याला पिवळे दिवे दिसले. त्याने करकचून ब्रेक लावला, टायर किंचाळले, खडी रस्त्यावर सांडली आणि तो ट्रक डार्लीनच्या गाडीमागे थांबला. अगदी मागे. घोडा बिथरला, लेव्हींनी आवरला. हॅडलीला वाटलं गंमत झाली. मी मागे पाहिलं तर काचेतून डार्लीन दिसली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ट्रक आपल्यावर आधी येणार हे तिला माहीत होतं, महोदय. म्हणूनच ती मधे होती.

लेव्ही फक्त एवढंच बोलले, “बाई चांगली आहे.” मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मैदानावर पोहोचल्यावर ती गाडीतून उतरली नाही. काच खाली करून म्हणाली, “मी आता जाते हं ओपल. आजचा दिवस तुझा आहे.” आणि गेली.

सबब मागणी आ रद्द समजावी. इ सुद्धा रद्द. अ बद्दल, कर्टिसने ट्रक गोठ्यात लावला आहे, तो आता रस्त्यावर येणार नाही, आणि घोडागाडीचं नाव मी पुन्हा काढणार नाही. मी डार्लीनचे आभार मानलेले नाहीत. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला.

८. तरी आता एकच मागणी उरते. जत्रा तोंडावर आली आहे. मला हॅडलीच्या शेजारी बसून जायचं आहे. पण “मला तुझ्या गाडीत घे” असं मी डार्लीनला सांगू शकत नाही, जीभ वळत नाही. आणि तिने बोलावलं तर मी नको म्हणेन, मला मी चांगली माहीत आहे. शासनाची गोष्ट वेगळी. माझी उंची चार फूट साडेआठ इंच असून, ती आपल्याच प्रमाणपत्रधारक कर्मचारी डार्लीन प्रुइट यांनी साक्षीदारांसमक्ष मोजलेली आहे. वयाच्या अटीत मी बसत नाही, हे मान्य. तिथे आपण थोडा कानाडोळा करावा. माझी नम्र विनंती आहे की, सदर अर्जदार ही उंचीने अपुरी असल्याने तिला जत्रेच्या दिवशी मागच्या सीटवर, नातीशेजारी, प्रमाणित व्यक्तीच्या देखरेखीखाली बसवूनच न्यावे, असा लेखी हुकूम काढावा. मूळ प्रत डार्लीनला पाठवावी. म्हणजे ती हुकूम घेऊन माझ्या दारात येईल, आणि मला शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगता येईल की सरकारपुढे माझं काही चाललं नाही.

हुकूम जत्रेच्या शनिवारच्या आत पोहोचावा. बूस्टर खुर्चीचा रंग जांभळा असला तरी चालेल.

आपली आज्ञाधारक (डार्लीनची नव्हे, आपली),
ओपल स्टाउफर
दिनांक २९ ऑगस्ट

सोबत जोडले आहे:
१) ब्रेडनने दिलेली ताकीद. डाग नूडल्सच्या रश्श्याचा आहे.
२) हॅडलीने जत्रेच्या दिवसाचं आधीच काढून ठेवलेलं चित्र. चांदीची गाडी, पुढे गिगी, मागच्या खिडकीत तीन डोकी. मधलं कोंबडीचं आहे, तिसरं माझं. काम झाल्यावर परत पाठवावे, दुसरी प्रत नाही.