कोपऱ्यातली चौकट

ता. ४ मार्च

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या प्रक्षेपण केंद्राचा नवा सेट-टॉप बॉक्स काल बाहेरच्या खोलीत बसवला. जुना आतल्या खोलीत अजून चालू आहे. नवे चित्र देखणे आहे. निवेदिकेच्या भुवईचा केस न् केस मोजावा. मात्र आम्हा ऐकू न येणाऱ्यांसाठी कोपऱ्यातल्या चौकटीत बातम्या सांगणाऱ्या दुभाषीबाईंची बोटे वितळतात. हात हलला की बोटांच्या जागी पिठाचा गोळा. तुझ्या भावजींनी खुणेने विचारले, बाईंनी हातमोजे घातले आहेत का?

तीस वर्षे मी छापखान्यात मुद्रिते तपासते. जुन्या चित्राशी ताडून पाहिले, तर दहा मिनिटांच्या बातम्यांत एकोणीस शब्द गळाले. ३१ तारखेला जुने प्रक्षेपण बंद होणार आणि नवे निर्दोष असल्याच्या दाखल्यावर सही तुझी. म्हणून आधी तुलाच लिहिले.

ममता आहेच, उत्तर तेवढे यावे.

तुझी ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

नवी पद्धत तेच चित्र निम्म्या जागेत पाठवते. डोळ्याला जे लागत नाही तेवढेच टाकून देते. मी स्वतः दोनशे चाचण्या घेतल्या: चेहरे, मैदाने, पाऊस, गर्दी. एकीतही दोष नाही. तुमच्याकडची वायर सैल असणार. बसवणाऱ्याला पुन्हा पाठवतो. शिवाय खाली अक्षरपट्टी येतेच. केवळ हातवाऱ्यांसाठी इतका जीव टांगणीला नको. चष्म्याचा नंबरही एकदा तपासून घे. राग मानू नकोस.

दाखला २८ तारखेला द्यायचा आहे. भावजींना नमस्कार. तुझ्या मायेला पात्र,

भाऊ


ता. १५ मार्च

चि. भाऊस आशीर्वाद, पण आज हातचे राखून.

वायर घट्ट आहे. बसवणारा दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा तोच मान खाली घालून गेला. चष्मा नवा आहे. उंटावरून शेळ्या हाकणे पुरे.

परवा नळाचे पाणी दूषित झाल्याची तातडीची सूचना आली. अक्षरपट्टी नव्हती, घाईच्या बातमीत ती नेहमीच मागाहून येते. नव्या चित्रात मला दोन बोटे दिसली: पाणी पिऊ नये, विभाग दोन. आम्ही विभाग तीनमध्ये. भावजींनी पेला तोंडाला लावला. मला राहवेना, आतल्या खोलीत धावले. जुन्या चित्रात बोटे तीन होती. पेला मी हातातून हिसकावला. ३१ तारखेनंतर कोणत्या खोलीत धावू?

आणि हातवारे भांडणारे करतात. ही भाषा आहे. बोलू लागण्याआधी तू याच भाषेत माझ्याकडे दूध मागायचास.

ताई


ता. २२ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

वायर सैल नव्हती. नव्या यंत्रणेला पडद्याच्या प्रत्येक भागाचे महत्त्व ठरवून द्यावे लागते. वाहिनीचे बोधचिन्ह कोपऱ्यात असते आणि हलत नाही, म्हणून कोपऱ्यांना सर्वांत कमी जागा दिली. दुभाषीबाई त्याच कोपऱ्यात उभ्या. ते कोष्टक माझ्या हातचे आहे. दोनशे चाचण्यांत खुणांनी बोलणारा एकही हात नव्हता. तुझ्या भावाच्या चाचण्यांत! दिव्याखाली अंधार.

साहेबांना सांगितले, सही करणार नाही. ते म्हणाले, एका कोपऱ्यापायी लाखो घरांची तारीख हलवायची काय, तुझ्याऐवजी सही करणारे पुष्कळ आहेत. मी पेल्याची हकीकत सांगितली. तेव्हा म्हणाले, २८ पर्यंत दुरुस्त कर, नाहीतर खुर्ची सोड.

चौकटीला स्वतंत्र जागा दिली आहे. मैदानातले गवत त्यामुळे किंचित पुसट झाले; गवताची तक्रार नाही. पण बोटे नीट बोलतात की नाही, हे मला कळत नाही. दूध मागण्यापलीकडे मी सारे विसरलो. सुधारलेले चित्र उद्यापासून तुझ्या बॉक्सवर दिसेल. दाखला सोबत आहे. तपासनीस म्हणून आधी तुझी सही, मग माझी.

माया आटू देऊ नकोस.

भाऊ


ता. २५ मार्च

चि. भाऊस अनेक उत्तम आशीर्वाद, या वेळी पुरेपूर.

दोन दिवसांत आठ बातमीपत्रे दोन्ही खोल्यांतून पाहिली. एकही शब्द गळाला नाही. भावजी म्हणतात, बाईंनी अखेर हातमोजे काढले.

तुझ्या दाखल्यात मात्र एक चूक सापडली. छापील रकान्यात ‘हातवारे’ असे होते. ते खोडून ‘भाषा’ लिहिले आणि त्याखाली सही केली. साहेबांना खाडाखोड चालत नसेल तर नवा कागद पाठव. दुरुस्ती हीच राहील.

आता येशील तेव्हा दूध तोंडाने मागायचे नाही.

तुझी ताई