मधला कागद

आई, अण्णा आता माझ्याकडे असतात, अवसरी खुर्दला. ओतूरचं मोटार वाइंडिंगचं दुकान बंद झालं, त्यांना एकटं राहणं जमेना, म्हणून मी घेऊन आले. तू गेल्यापासून आम्ही बापलेक एका छपराखाली कधी राहिलोच नव्हतो. चहा, पेपर, गोळ्या, एवढंच बोलणं. "मी आपला ओतूरला जातो," असं ते आल्यापासून म्हणत होते, आणि "राहा" हा शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता.

मग एका दुपारी टेबल फॅन घरघरला आणि थांबला. अण्णा झोपेतून उठून बसले, नाक वर करून म्हणाले, "जळालं." त्या वासानं मी थेट तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले. मोटारी दुकानात उघडायच्या, पण त्यांचे कागद कापले जायचे तुझ्याकडे. लेदरॉइड म्हणायचे तो करडा, जाड कागद. त्याची गुंडाळी चुलीवरच्या फळीवर कुरडयांच्या डब्याशेजारी असायची, दमट हवा लागू नये म्हणून. भाकरी झाल्या की हात धुऊन, पदराला पुसून तू कात्री घेऊन बसायचीस. मोटारीच्या लोखंडाला खाचा असतात. तार भरायच्या आधी प्रत्येक खाचेत कागद बसवायचा, नाहीतर तांबं लोखंडाला लागतं आणि मोटारीला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. एकदा मे महिन्याच्या सुट्टीत हॉस्टेलातून घरी आले असताना मी आंबा खाल्लेल्या हातानं गुंडाळी उचलली. "वल्या हातानं शिवू नगं," तू केवढ्यानं ओरडलीस. "ह्या कागदाच्या भरवशावर कुनीतरी चिखलात हुबं ऱ्हाऊन मोटार चालू करनार हाय."

खाचेतला कागद मला समजायचा. पण तू आणखी काही तुकडे कापायचीस, तारेच्या दोन वेटोळ्यांच्या मध्ये ठेवायला. दोन्ही तांब्याचीच, दोन्हींच्या तारेवर इनॅमलचा थर, मग मध्ये पुन्हा कागद कशाला? मी विचारलं तेव्हा तू हसलीस. "एकाच जातीची असली म्हून काय झालं? तीच लई ठिनग्या टाकत्यात. तुजं आन् त्यांचं बघ की."

त्याच सुट्टीतला तो दिवस. मी दुकानात उभी आहे. महाळुंगे पडवळचे एक शेतकरी मोटार घेऊन आलेत, आणि अण्णा त्यांना सांगतायत, "इन्सुलेसन गेलंय." मी कॉन्व्हेंटची. "इन्सुलेशन," मी म्हणते. ते पुन्हा तसंच म्हणतात, मी पुन्हा सुधारते. ते शेतकरी खो खो हसतात. "मालक, मोटार ऱ्हाऊ द्या, आधी जिभेचं वाइंडिंग करून घ्या!" अण्णा हसत नाहीत. जेवताना ते ताटाकडे बघून म्हणतात, "आता बास झालं हॉस्टेल. लई शिकली."

पुढे तुमचं दोघांचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. जूनमध्ये माझी पेटी भरली गेली आणि पेटीत एक नवा कंपास बॉक्स निघाला. "त्यांनी आनलाय," तू म्हणालीस. "बोलून न्हाई दाखवायचे, पर आनलाय." त्या कंपासमुळे मला अण्णांचा पुरता राग कधी करता आला नाही.

परवा अण्णांनी ओतूरहून आणलेली ट्रंक उघडली. तार होती, सुती टेप होती, कागद होता, आणि तुझी कात्रीही. "तू काप," ते म्हणाले, "माझा हात हलतो." मी कागद गॅसजवळ धरून कोरडा केला, कापला, कडा दुमडल्या. "ह्ये काय, पोळीची घडी हाय व्हय? तिच्यागत दुमड." दुमडला. त्यांनी हळूहळू तार भरली, मी दोन वेटोळ्यांच्या मध्ये तुकडे सरकवत गेले. टेप बांधून, वार्निश लावून, फॅनचं ते पोट गच्चीत उन्हाला ठेवलं आणि आम्ही शेजारी सावलीत बसलो.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही पाठवलेला कंपास अजून आहे माझ्याकडे."

ते वार्निश लागलेल्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हां." जरा वेळानं म्हणाले, "तुजी आई हॉस्टेलात तुला भेटून आली की सांगायची. पोरगी तुमच्या खोकल्याचं इचारती म्हनून. दर खेपंला. लई बरं वाटायचं."

"हो," मी म्हटलं. "विचारायचे."

वार्निश वाळल्यावर त्यांनी दिवा जोडून तपासलं. दिवा लागला नाही; म्हणजे तांबं लोखंडाला कुठेच लागलेलं नव्हतं. फॅन फिरतोय. "आता राहा इथेच," मी म्हटलं, तेव्हा ते फॅनकडे बघत म्हणाले, "ह्याच्याकडं बघाया कुनीतरी पायजेच."

त्या "हां"च्या आधी ते थांबले होते, ते मी पाहिलं. कंपासचं मी त्यांना पुन्हा विचारणार नाही. तुला लिहिलेला हा कागदही मी माझ्या कुरडयांच्या डब्यामागे ठेवते, तिथवर त्यांचा हात पोचत नाही. खोकल्याचं मी एकदाही विचारलं नव्हतं, आई, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. आज सकाळी विचारलं.

"कवाच गेला की," अण्णा म्हणाले.