टीव्हीला स्थळ पाहणे आहे

२ मार्च

भिंत नाही! एवढा ऐसपैस हॉल, आणि टीव्ही लावायला भिंत नाही!

एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच. समोर उघडं स्वयंपाकघर. तिसरीकडे दारंच दारं. उरली चौथी, तर तिच्यावर डिझायनर बाईंनी लाकडी पट्ट्या ठोकल्यात. तिला हात लावायचा नाही — ‘ती फीचर वॉल आहे!’ म्हणजे भिंत आहे, पण भिंतीचं काम करणार नाही. आमच्या ऑफिसात असे दोन साहेब आहेत.

घर बघताना नवरा म्हणाला होता, ‘किती मोकळं!’ आता मोकळ्यात टीव्हीचं खोकं उभं आहे, आणि उपवर मुलीच्या बापासारखा तो त्याच्याभोवती फिरतोय.

५ मार्च

काचेपुढे स्टँडवर ठेवून पाहिला. मागून उन्हाचा झोत, पुढे काळा ठिपका. बातम्या देणारी बाई की बुवा, तेही कळेना. म्हणून पडदे ओढले. पडदे ओढले म्हणून दिवे लावले. भरपूर उजेड म्हणून घेतलेलं घर, आणि भर दुपारी आम्ही गुहेत!

८ मार्च

आज साउंडवाला आला. हॉलच्या मधोमध उभं राहून त्याने टाळी वाजवली. टाळी काचेवर आपटून परत आली. ‘सगळीकडे काच आणि गुळगुळीत फरशी. आवाज इथे स्थिरावतच नाही, मॅडम.’ माणसं तरी कुठे स्थिरावतायत!

मग पाचही स्पीकरांचा आवाज नेमका जुळतो अशी एक जागा त्याने शोधली. एकाच माणसाची. तिथे कोण बसणार हे विचारायची गरजच नव्हती.

‘आणि बाकीच्यांनी?’ मी विचारलं.

‘बाकीच्यांना चित्र दिसेल ना.’

११ मार्च

फीचर वॉल पडली! म्हणजे शरण आली. पट्ट्या काढल्या, टीव्ही चढला. डिझायनर बाईंचा चेहरा सुतकी. जाता जाता सूड उगवून गेल्या — सोफा, खुर्च्या, सगळं एका रांगेत टीव्हीकडे तोंड करून लावलं. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे दिसतो. फरक एवढाच, की तिथे लोक एकमेकांकडे बघून हसतात तरी.

१२ मार्च

टीव्हीच्या भिंतीपलीकडे सासूबाईंची खोली. नवरा आवाज वाढवायला बिचकत होता. त्याच म्हणाल्या, ‘लाव रे खुशाल. मला काही त्रास नाही.’ केवढं कौतुक झालं त्यांचं! मला मात्र अशा चांगुलपणाची जरा धास्तीच वाटते.

१५ मार्च

सासूबाईंनी खुर्ची उलटी फिरवली. टीव्हीकडे पाठ, आमच्याकडे तोंड!

‘आई, तू उलटी का बसलीस?’

‘मला असंच बरं वाटतं.’

नवऱ्याने हसत हसत खुर्ची सरळ केली, वर रिमोट कसा चालतो ते शिकवलं. त्या थोडा वेळ बसल्या आणि उठून गेल्या.

१६ मार्च

सासूबाई बाहेरच आल्या नाहीत.

१९ मार्च

जेवायला येतात, ताटात बघत जेवतात, जातात. सकाळी पाठीमागून दोनदा विचारलं, ‘चहा टाकू?’ उत्तर नाही. जुन्या घरी ही बाई अखंड बोलायची! दोन खोल्यांत गुडघ्याला गुडघा लावून बसायचो, आणि कुणी काही म्हणायच्या आत यांचं उत्तर तयार.

नवरा म्हणतो, ‘नवीन घर मानवलं नाही तिला.’ मी म्हटलं, ‘रुसल्यात. हॉलचा मालक टीव्ही झाला ना!’ दोघं हसलो.

२२ मार्च

रविवार. नवऱ्याने युद्धाचा सिनेमा लावला, आवाज शेवटपर्यंत. स्वयंपाकघरात कपबशा थरथरायला लागल्या. शेजारचे गृहस्थ दार ठोठावून गेले.

आता सासूबाई पण चिडल्या असतील म्हणून त्यांच्या खोलीत डोकावले. त्या दाराकडे पाठ करून ब्लाउजला हुक शिवत होत्या. भिंतीपलीकडे तोफा धडाडतायत, आणि यांची सुई शांत! टेबलावरचा पाण्याचा ग्लास हलत होता.

‘आई!’ मी हाक मारली. मग ओरडले. खांद्याला हात लावला तेव्हा केवढ्या दचकल्या.

सिनेमा बंद केला. नवऱ्याला आत बोलावलं. त्याने पण मागून हाक मारून पाहिली. मग हातातला रिमोट खाली ठेवला.

२४ मार्च

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान जवळजवळ बंद. आजचं नाही, जुन्या घरापासूनचं. कुणालाच कळलं नव्हतं. यंत्र मिळेल, पण पूर्वीसारखं ऐकू येणार नाही.

रिक्षात माझ्याकडे बघत म्हणाल्या, ‘तिथे तुमची तोंडं समोर असायची गं. ओठ बघून भागायचं.’

घरी आल्यावर नवरा टीव्हीकडे पाठ करून त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. आवाज फुटत नव्हता त्याचा. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

त्यांना कळलं.