शुक्ल, कृष्ण आणि वकीलबाईंचा कोट

चिरंजीव शालकरत्नास,

तुझ्या भावोजींचे भरभरून आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तमच असणार, कारण नवं लग्न, नवं घर आणि नवा सोफा या तिन्ही गोष्टी सुरुवातीला मानवतात. सौभाग्यवतीचा खोकला थांबला का? तुझी ताई बरी आहे. मीही बरा आहे, शिंका सोडल्या तर.

तुझं पत्र पोचलं. येत्या रविवारी तुम्ही उभयता गाडी घेऊन येणार आणि आमच्याकडे ठेवलेली दोन्ही कुत्री घेऊन जाणार, हे वाचून घरात आनंदीआनंद व्हायला हवा होता. (तू ती ‘आठवडाभरासाठी’ ठेवली होतीस. तो आठवडा गेल्या वर्षी सुरू झाला. कालगणनेत तुझं गोत्र थेट ब्रह्मदेवाशी जुळतं.) पण ठेव परत करताना तिची अवस्था सांगणं हा सज्जनाचा धर्म, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू ठेवलेली ती परदेशी नावं आमच्या जिभेवर बसेनात, तेव्हा पांढऱ्याला मी शुक्ल म्हणतो आणि काळ्याला कृष्ण. महिन्याला दोन पक्ष, तसे घराला हे दोन. फरक एवढाच, की चंद्राची झीज झालेली दिसते तरी. हे दोघे अखंड गळतात आणि तसूभरही कमी होत नाहीत. वर्गात मी मुलांना शिकवतो, की धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान करावं. त्याच न्यायाने केस दिसला की तिथे कुत्रा असायला हवा. आमच्या घरात हे अनुमान साफ कोसळलं. केस फ्रीजमध्ये सापडतो आणि तिथे कुत्रा नसतो. (एकदा होता, पण तो विषय वेगळा.)

तुझी ताई वकिलांचे काळे कोट शिवते आणि मी शाळेत पांढरा शर्ट घालून जातो, हे तुला ठाऊक आहे. आता या दोघांची निष्ठा पाहा. पांढरा शुक्ल दिवसभर ताईच्या शिलाई मशीनखाली काळ्या कापडाच्या घडीवर पडून असतो आणि काळा कृष्ण माझ्या शर्टाला बिलगतो. उलट असतं तर केस होते की नव्हते हे कुणाला कळलंही नसतं! यावर मी शास्त्रशुद्ध उपाय काढला. जो खायला घालतो तो धनी, हे सार्वत्रिक सत्य. आजवर शुक्लची वाटी ताई भरायची आणि कृष्णची मी. आम्ही वाट्यांची अदलाबदल केली. शुक्ल माझ्यामागे लागणार, कृष्ण मशीनखाली जाणार, पांढऱ्यात पांढरं आणि काळ्यात काळं विरून जाणार. (युक्तिवादात दोष काढून दाखव.) दोष युक्तिवादात नव्हता, कुत्र्यांत होता. त्यांनी नवा धनी आनंदाने स्वीकारला आणि जुना सोडला नाही. आता दोघेही दोघांच्या अंगावर असतात. मी हरून करडा शर्ट घेतला, तर करड्यावर काळेही दिसतात आणि पांढरेही.

मग व्हॅक्यूम क्लीनर आणला. कृष्णने त्याला पूर्वजन्मीचा वैरी ओळखलं आणि नळीचा गळा धरला. शुक्ल घाबरून पळत सुटला, आणि घाबरलेला कुत्रा दुप्पट केस टाकतो हे ज्ञान आम्हाला त्या दिवशी झालं. यंत्र या खोलीतून जेवढं ओढी, तेवढं शुक्ल पुढच्या खोलीत पेरून ठेवी. शेवटी मी दोघांना गॅलरीत नेऊन विंचरू लागलो. वारा सुरेख होता. शुक्लच्या पाठीवरचा एक पांढराशुभ्र पुंजका ढगासारखा तरंगत खाली गेला आणि खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या उघड्या खिडकीतून, खुर्चीतल्या रोग्याच्या त्याहून उघड्या तोंडात शिरला. दंतवैद्य स्वतः वर आले. चिमट्यात तो पुंजका होता.

“सर, हे तुमचं का?”

“तत्त्वतः नाही,” मी म्हणालो.

“मग तत्त्व बाजूला ठेवा आणि कुत्रं आत घ्या.”

पण खरा कळस गेल्या आठवड्यात झाला. एका वकीलबाईंचा कोट तयार होता, दुसऱ्या दिवशी त्यांचं मोठं प्रकरण उभं राहायचं होतं. त्या ट्रायलला आल्या, कोट चढवला, समोरून पाहिलं, प्रसन्न झाल्या. मग आरशाकडे पाठ करून मान वळवली. पाठीवर शुक्ल होता. म्हणजे प्रत्यक्ष नव्हे, पण कान, शेपूट, मुडपलेला डावा पाय, सगळा पांढऱ्या केसांत रेखलेला. वकीलबाई म्हणाल्या, “ताई, अस्तर बाहेरून लावलंय का हो?”

त्या गेल्यावर तुझी ताई चिकटपट्टी घेऊन कोटावर बसली. “जाऊ देत एकदाचे रविवारी,” म्हणाली, “घर घरासारखं दिसेल.” मग तोंडात टाचण्या धरल्या आणि उरलेलं काळं कापड पुढ्यात ओढलं.

तेव्हा आमचा प्रश्न सुटला. काळजी वाटते ती तुझ्या सोफ्याची. तो पांढराशुभ्र मखमली आहे आणि सौभाग्यवतीला त्यावर धुळीचा कणही खपत नाही, असं तू कौतुकाने लिहिलंस. कृष्णला मखमल फार प्रिय आहे. त्याचा केस मखमलीत उभा रुततो आणि मग ब्रशला, यंत्राला, नवसालासुद्धा बधत नाही. आणि खोकला केसांनी वाढतो म्हणतात. मी काही वैद्य नाही.

असो. ठेव धुऊन, विंचरून, दाराशी तयार आहे. वाट पाहतो, असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

तुझा,
अंतर्बाह्य केसाळ भावोजी

ता. क. वरचं पत्र सौभाग्यवतीला मोठ्याने वाचून दाखव. सोफ्यापाशी आलास की जरा थांब, सुस्कारा टाक, मग पुढे जा. इथून खालचं मात्र तिच्या दृष्टीला पडू देऊ नकोस.

पुन्हा ता. क. कोटाच्या प्रकारानंतर ताईने उरलेल्या कापडातून दोघांना पोटावर बटणं लागणारे अंगरखे शिवले आहेत. केस आतच राहतात, संध्याकाळी मी गच्चीवर झटकून आणतो. घर बऱ्यापैकी स्वच्छ आहे. थंडीसाठी जाड कापडाचेही बेतून झालेत. एकदा अंगाच्या मापाने बेतलेलं कापड दुकानदार परत घेत नाही. त्यामुळे तू त्यांना नेणं कायद्यात कितपत बसतं, ते वकीलबाईंना विचारतो आहे. त्या परवा शुक्लला बिस्किटं घेऊन आल्या होत्या.

ता. क. (अक्षर वेगळं आहे, मी ताई) पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. सगळं खरं आहे, फक्त एक गोष्ट यांनी गाळली. शुक्ल आपण होऊन कोटावर झोपला नव्हता. फरशी गार होती म्हणून यांनीच कोट अंथरून त्याला वर ठेवला. भाऊ, रविवारी दोघं जरूर या, जेवायलाच या. पण गाडी आणू नकोस, बसने ये. बसमध्ये कुत्री घेत नाहीत. मी डेपोत जाऊन विचारून आले आहे.